तण्हा आणि डोपामाइन : एका समीकरणाची चिकित्सा

अलीकडे धम्मप्रवचनांत, शिबिरांत आणि धम्मविषयक लेखनात एक विधान वारंवार कानी पडते. तथागतांनी जिला तण्हा म्हटले तिचाच शोध आधुनिक शास्त्राला मेंदूत लागला असून तिचे रासायनिक नाव डोपामाइन आहे, असे ते विधान होय. ऐकणाऱ्याला ते सुखावून जाते. आपण स्वीकारलेला धम्म बुद्धीच्या कसोटीवर उतरणारा आहे, याची जणू प्रयोगशाळेने पोचपावतीच दिली, असे त्याला वाटते. परंतु जे विधान सुखावते ते अधिक काळजीपूर्वक तपासावे, हीच कालाम सुत्ताची शिकवण आहे. परंपरेच्या, ग्रंथाच्या किंवा गुरूच्या नावावर एखादी गोष्ट स्वीकारू नये असे त्या सुत्तात सांगितले आहे. शास्त्राच्या नावावर आलेले विधानही या नियमाला अपवाद ठरत नाही.

या विचाराला जगभर जी लोकप्रियता लाभली, तिच्यात रॉबर्ट राइट या अमेरिकन लेखकाच्या ‘व्हाय बुद्धिझम इज ट्रू’ या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. प्रस्तुत लेखात त्या ग्रंथातील डोपामाइनविषयक विवेचनाची, आणि त्या अनुषंगाने वर उल्लेखिलेल्या समीकरणाची, चिकित्सा करण्याचा हेतू आहे. संपूर्ण ग्रंथाचे परीक्षण येथे अभिप्रेत नाही.

ग्रंथाचे प्रतिपादन

राइट हे पेशाने पत्रकार असून उत्क्रांतिवादी मानसशास्त्र हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे. त्यांचा मूळ सिद्धान्त थोडक्यात असा मांडता येईल. निसर्गनिवडीने आपला मेंदू घडविला तो आपण सुखी व्हावे म्हणून नव्हे, तर आपली गुणसूत्रे पुढच्या पिढीत जावीत म्हणून. यासाठी अन्न, मैथुन, प्रतिष्ठा इत्यादी ध्येये गाठल्यावर सुख मिळणे आवश्यक होते. परंतु ते सुख टिकून राहिले असते तर प्राणी एकदा जेवून स्वस्थ बसला असता. म्हणून ते लवकर ओसरणेही आवश्यक होते. आणि सुख ओसरते ही गोष्ट प्राण्याच्या लक्षात फारशी राहू नये, त्याचे चित्त येणाऱ्या सुखावरच खिळून राहावे, हेही तितकेच आवश्यक होते. यातून जी कायमची अतृप्ती निर्माण झाली तीच दुक्ख, असे राइट म्हणतात.

या उपपत्तीला पुरावा म्हणून ते माकडांवरील एका प्रसिद्ध प्रयोगाचा दाखला देतात. माकडाच्या जिभेवर गोड रसाचा थेंब पडला की त्याच्या मेंदूतील डोपामाइन निर्माण करणाऱ्या पेशी उत्तेजित होत. पुढे दिवा लागल्यावर रस मिळतो असे माकडाला शिकविण्यात आले. सराव होत गेला तसतशी पेशींची उत्तेजना दिव्याच्या क्षणी वाढू लागली आणि रसाच्या क्षणी घटू लागली. माकडाला प्रत्यक्ष काय वाटत होते हे आपल्याला निश्चित कळू शकत नाही, हे राइट प्रांजळपणे नमूद करतात. तरीही सुखाची अपेक्षा वाढली आणि प्रत्यक्ष सुख घटले, असे या प्रयोगावरून दिसते, असा निष्कर्ष ते काढतात.

निष्कर्ष आकर्षक आहे. धम्माच्या अभ्यासकाला तो ओळखीचा वाटतो. मात्र तो त्या प्रयोगातून निघत नाही.

प्रयोगाने काय दाखविले

हा मुद्दा समजण्यासाठी डोपामाइनच्या अभ्यासाचा इतिहास थोडा पाहावा लागेल. १९५४ साली कॅनडातील माँट्रियल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसविल्या. दांडा दाबला की मेंदूच्या विशिष्ट भागाला विजेचा सौम्य झटका मिळे. उंदीर तो दांडा तासाला शेकडो वेळा दाबू लागले. मेंदूतील ‘सुखकेंद्र’ सापडले, अशी समजूत त्यातून रूढ झाली. पुढे अशा वर्तनाशी डोपामाइनचा संबंध आहे असे दिसून आले, तेव्हा डोपामाइन म्हणजे सुखाचे रसायन हे समीकरणही आपोआप तयार झाले. १९८० च्या सुमारास ते शास्त्रज्ञांतही प्रचलित होते.

दरम्यान डोपामाइनचा अभ्यास दुसऱ्याही दिशेने चालला होता. स्वीडनमधील लुंड येथे आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन हे औषध दिले. हे औषध आपल्याकडील सर्पगंधेच्या मुळीपासून मिळते. त्यामुळे ससे निश्चल होऊन पडले. मग त्यांना एल-डोपा हे द्रव्य दिले, ज्यापासून शरीरात डोपामाइन तयार होते, आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. १९६० साली व्हिएन्ना येथे ओलेह होर्निकिविच आणि त्यांचे सहकारी यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइनची मोठी उणीव असल्याचे दाखविले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. म्हणजे या द्रव्याचा पहिला ठळक परिचय सुखाशी नव्हे, तर हालचालीशी, कृतीस आरंभ करण्याच्या शक्तीशी निगडित होता.

राइट ज्या प्रकारच्या प्रयोगाचा आधार घेतात ते प्रयोग वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी स्वित्झर्लंडमधील फ्रिबुर्ग येथे केले. त्यांचा गणिती अर्थ पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासह त्यांनी १९९७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. त्या प्रयोगांचे तीन निष्कर्ष एकत्र वाचले पाहिजेत. अनपेक्षितपणे रस मिळाला तर डोपामाइनच्या पेशी क्षणभर जोराने उत्तेजित होतात. दिव्यानंतर रस मिळतो हे शिकून झाल्यावर त्या दिव्याच्या क्षणी उत्तेजित होतात, आणि ठरल्याप्रमाणे रस आला तर त्यांच्या नेहमीच्या गतीत काहीच फरक पडत नाही. दिवा लागला पण रस आला नाही, तर नेमक्या रस यावयाच्या क्षणी त्यांची गती नेहमीपेक्षाही खाली जाते.

यातील तिसरा निष्कर्ष राइट यांच्या विवेचनात विचारात घेतलेला दिसत नाही. पण सर्वांचा अर्थ लावण्याची किल्ली त्याच्यातच आहे. पेशी रसाचे मोजमाप करीत नसून अपेक्षा आणि प्राप्ती यांतील तफावत नोंदवीत आहेत. अपेक्षेपेक्षा अधिक मिळाले तर वर, कमी मिळाले तर खाली, अपेक्षेइतके मिळाले तर स्थिर. म्हणून शिकून झालेल्या माकडाला रस मिळताना पेशी शांत राहिल्या, याचा अर्थ ‘यात नवे शिकण्यासारखे काही नाही’ एवढाच होतो. रस बेचव झाला, सुख उणावले, असा अर्थ त्यातून निघत नाही. रोज वेळेवर जेवण मिळणाऱ्या मनुष्याला जेवणाचे आश्चर्य वाटत नाही. पण म्हणून भाकरी गोड लागत नाही असे कोणी म्हणणार नाही. आश्चर्य आणि आस्वाद यांची गल्लत येथे झाली आहे.

ही गल्लत किती मोठी आहे हे आणखी एका गोष्टीवरून कळेल. शुल्ट्झ यांच्या पेशींनी ज्या गणिताचे पालन केले ते गणित रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो या संगणकशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात यंत्रांना शिकविण्यासाठी विकसित केले होते. या कामासाठी त्यांना २०२४ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्या पद्धतीने चालणारे यंत्र अपेक्षा आणि प्राप्ती यांतील तफावत क्षणोक्षणी मोजते आणि तीनुसार आपले वर्तन सुधारते. त्या यंत्राला तण्हा आहे असे कोणीही म्हणत नाही. ही तफावत मोजणे हे शिकण्याचे साधन आहे; तेवढ्यावरून तण्हा सिद्ध होत नाही.

शिवाय या विषयावर शास्त्रज्ञांतच एकमत झालेले नाही. मासायुकी मात्सुमोतो आणि ओकिहिडे हिकोसाका यांनी २००९ साली दाखविले की, यांतील काही पेशी माकडाला न आवडणाऱ्या, तोंडावर सोडलेल्या हवेच्या झोताच्या संकेतानेही उत्तेजित होतात. २०२२ साली विजय मोहन नंबुदिरी यांच्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळेने तफावतीच्या सिद्धान्तालाच पर्यायी उपपत्ती मांडली. तिच्यानुसार डोपामाइन प्राप्तीकडून मागे पाहत तिच्या कारणाचा माग काढण्यास साहाय्य करते. कोणता सिद्धान्त टिकेल ते पुढील संशोधन ठरवील. जो धम्म एखाद्या चालू सिद्धान्ताला बांधून ‘सिद्ध’ केला जातो, तो त्या सिद्धान्ताबरोबर ‘असिद्ध’ही होऊ शकतो, हे मात्र आपण ध्यानात ठेवावे.

हवेसे वाटणे आणि आवडणे

डोपामाइन म्हणजे सुख हे समीकरण मोडण्याचे श्रेय प्रामुख्याने मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांना जाते. गोड चव मिळाली की तान्हे मूल, माकड आणि उंदीर हे सर्व ओठ व जीभ विशिष्ट रीतीने हलवितात. कडू चवीला त्यांची मुद्रा वेगळी होते. या मुद्रांवरून आवडनिवड ओळखता येते. १९८९ साली या संशोधकांनी ज्यांच्या मेंदूतील डोपामाइन जवळजवळ संपूर्ण नष्ट केले होते असे उंदीर तपासले. असे उंदीर स्वतःहून खात नाहीत. नळीने भरविले नाही तर समोर अन्न असतानाही उपाशी मरतात. परंतु त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडले असता त्यांची मुद्रा इतर उंदरांसारखीच तृप्तीची होती. आवड शाबूत होती. लोपले होते ते हवेसे वाटणे आणि त्या दिशेने हलणे.

याच्या उलट बाजूही दिसून आली. कंपवाताच्या काही औषधांनी डोपामाइनची क्रिया वाढते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ३,०९० रुग्णांच्या पाहणीत ही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांत जुगार, अनावर खरेदी, अति खाणे किंवा अति कामुकता यांपैकी एखादी अनावर ओढ आढळली. ही औषधे न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. व्यसनाविषयी बेरिज आणि रॉबिन्सन यांचा १९९३ सालचा सिद्धान्तही हेच सांगतो की, व्यसनी मनुष्याला पदार्थ अधिकाधिक हवासा होत जातो, पण तो त्या प्रमाणात आवडतोच असे नाही.

येथे समीकरणाचा पुरस्कर्ता म्हणेल : मग तर आमचे म्हणणे अधिकच बळकट झाले! डोपामाइन सुख नसेल, पण ‘हवेसे वाटणे’ आहे; आणि हवेसे वाटणे म्हणजेच तण्हा. या युक्तिवादाचा विचार गांभीर्याने केला पाहिजे, कारण तो पहिल्यापेक्षा पुष्कळच सुधारलेला आहे. परंतु त्याला एक साधा प्रश्न विचारावा. डोपामाइन ही तण्हा असेल, तर ज्याचे डोपामाइन संपले तो तण्हामुक्त म्हणावा लागेल. अन्नाकडे न वळणारा तो उंदीर अरहन्त ठरेल. १९६९ साली न्यूयॉर्क येथील एका रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स यांनी, मेंदूज्वराच्या एका जुन्या साथीनंतर अनेक दशके पुतळ्यासारख्या निश्चल झालेल्या रुग्णांना एल-डोपा दिला, आणि ते रुग्ण बोलू, चालू, हसू लागले. या समीकरणानुसार ते रुग्ण त्या दशकांत निब्बानाच्या समीप होते आणि औषधाने पुन्हा संसारात ओढले गेले, असे म्हणावे लागेल. सॅक्स यांनी त्यांच्यावरील १९७३ सालच्या ग्रंथाला ‘जागृती’ या अर्थाचे नाव दिले, हे येथे लक्षणीय आहे. ज्या धम्माचा शास्ता सम्बोधीनंतर पंचेचाळीस वर्षे गावोगाव पायी फिरून उपदेश करीत राहिला, त्या धम्मात मुक्तीचा अर्थ निश्चलता असा होऊच शकत नाही.

पालि विचारातील भेद

पालि वाङ्मयाने हा प्रश्न फार पूर्वी, आणि अधिक सूक्ष्मतेने, हाताळला आहे. तेथे ‘इच्छा’ नावाची एकच वस्तू नाही. अभिधम्मात छन्द हा चेतसिक पकिण्णक गटात गणला आहे. म्हणजे तो कुसल चित्तातही असू शकतो आणि अकुसल चित्तातही. करू इच्छिण्याची शक्ती, कार्याकडे वळणे, एवढाच त्याचा अर्थ. त्याच गटात विरियही आहे. लोभ मात्र अकुसल चेतसिकांतच येतो, आणि तण्हा ही त्याच्याच कुळातली. दान देण्यासाठी उठणारा हात आणि लुबाडण्यासाठी उठणारा हात, दोन्हींत छन्द आहे. लोभ दुसऱ्यातच आहे. डोपामाइनची तुलना पालि परिभाषेतील कोणत्या एखाद्या संज्ञेशी करावयाचीच असेल, तर ती नैतिकदृष्ट्या तटस्थ अशा छन्द-विरियाच्या बाजूला अधिक जवळ जाते. अर्थात तीही तुलनाच, एकरूपता नव्हे.

संयुत्तनिकायात या प्रश्नाला थेट भिडणारा एक संवाद आहे. कोसंबीच्या घोसितारामात उण्णाभ नावाचा ब्राह्मण आनंदांना विचारतो की, छन्द सोडण्यासाठी जर छन्दाचाच आश्रय घ्यावयाचा, तर या मार्गाला अंतच उरणार नाही. आनंद त्यालाच उलट प्रश्न करतात : या आरामात येण्याची तुला इच्छा होती ना? येथे पोहोचल्यावर ती शमली ना? तसेच विरियाचे, चित्ताचे आणि वीमंसेचे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या उत्तरात मोठा विवेक आहे. इच्छा ही ध्येयाकडे नेणारी असू शकते आणि ध्येय गाठल्यावर शमणारी असू शकते. ध्येय गाठल्यावरही न शमणारी, जेथे जाईल तेथे रमून नव्या विषयाला चिकटणारी, ती तण्हा. दोन्हींसाठी पाय चालतात, दोन्हींसाठी मेंदूतील त्याच पेशी कामास येत असतील. म्हणून पेशी पाहून दोन्हींतील भेद कळत नाही. तो भेद विषयाशी चित्ताने जोडलेल्या संबंधात आहे.

दुसरा भेद वेदना आणि तण्हा यांचा. पटिच्चसमुप्पादात वेदनेच्या प्रत्ययाने तण्हा उद्भवते, म्हणजे या दोन वेगळ्या कड्या आहेत. सल्ल सुत्तात बाणाची उपमा येते. अशिक्षित मनुष्याला दोन बाण लागतात, एक शरीराचा आणि एक मनाचा. श्रुतवान आर्यश्रावकाला शरीराचाच लागतो. वेदना त्यालाही आहे. चूळवेदल्ल सुत्तात भिक्खुनी धम्मदिन्ना उपासक विसाखाला सांगते की, प्रत्येक सुखवेदनेत रागाचा अनुसय दडलेला असतोच असे नाही. सुखाचा धिक्कार धम्माने केलेला नाही. अस्साद, आदीनव आणि निस्सरण या तिन्हींचे ज्ञान व्हावे असे तो म्हणतो, आणि त्यांत अस्सादाला पहिले स्थान आहे.

या दृष्टीने पाहता बेरिज आणि रॉबिन्सन यांचे संशोधन आपल्याला खरोखरच उपयुक्त आहे. आवडणे आणि हवेसे वाटणे या दोन गोष्टी मेंदूतही वेगळ्या होऊ शकतात, हे त्यांनी दाखविले. सुखाची वेदना आली म्हणजे तृष्णा आलीच पाहिजे असा निसर्गनियम नाही, या धम्मविचाराशी ते सुसंगत आहे. परंतु ‘सुसंगत’ आणि ‘सिद्ध’ या शब्दांत अंतर आहे. राइट यांच्या ग्रंथाच्या शीर्षकाने ते अंतर पुसून टाकले आहे.

कवटीबाहेरचे दुक्ख

आता या चिकित्सेतील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतो. राइट यांची उपपत्ती मान्य केली, तर दुक्खाचे मूळ मेंदूच्या घडणीत आहे आणि त्याचा उपाय ध्यानाच्या आसनावर आहे. जमाती-जमातींतील द्वेषाची चिंता ते ग्रंथात कळकळीने व्यक्त करतात, हे मान्य करावयास हवे. पण तेथेही द्वेष ही मेंदूतील भावना आहे आणि ती ओळखून सोडणे हाच मार्ग. द्वेषाला संस्थेचे, कायद्याचे, धर्मशास्त्राचे, जमिनीच्या मालकीचे रूप येते, आणि मग तो कोणाच्याही मनात न पेटताही शतकानुशतके चालू राहतो, याचा विचार या उपपत्तीच्या कक्षेत बसत नाही. जातिव्यवस्थेचा अनुभव असलेल्या वाचकाला ही उणीव तत्काळ जाणवेल.

पुन्हा एकदा त्या माकडाकडे पाहू. दिव्यानंतर रस येतो हे ते शिकले, कारण दिव्यानंतर रस सोडणारा कोणी होता. रस केव्हा द्यावयाचा, किती द्यावयाचा आणि केव्हा रोखावयाचा हे प्रयोगकर्ता ठरवीत होता. डोपामाइनच्या पेशी त्या व्यवस्थेचे इमानाने प्रतिबिंब उमटवीत होत्या. मनुष्याच्या बाबतीतही अपेक्षा शून्यातून निर्माण होत नाहीत. कोणाच्या श्रमाला फळ मिळते आणि कोणाच्या श्रमाला मिळत नाही, हे ज्या समाजात जन्माने ठरते, तेथे चेतापेशींचा अभ्यास कितीही सूक्ष्म केला तरी त्याच्यासोबत ‘दिवा आणि रस कोणाच्या हाती आहेत’ हा प्रश्न विचारावाच लागेल.

व्यसनाचे उदाहरण घेतले तर हा मुद्दा स्पष्ट होईल. व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचे व्यसन मोठ्या प्रमाणावर पसरले होते. १९७१ साली मायदेशी परतलेल्या सैनिकांची पाहणी ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ विदुषीने केली. तेथे असताना सुमारे २० टक्के सैनिक स्वतःला व्यसनाधीन समजत होते. परतल्यानंतर त्यांच्यापैकी फार थोड्यांनी उपचार घेतले; तरीही तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात सापडले, आणि तीन वर्षांत अल्पकाळासाठी का होईना पुन्हा अडकलेल्यांचे प्रमाण १२ टक्के होते. मनुष्य तेच, त्यांचे मेंदू तेच. बदलले होते ते युद्ध, भय, एकाकीपण आणि पदार्थाची सुलभता. हेरॉइन डोपामाइनवर परिणाम करते हे खरेच आहे. परंतु तेवढे एकच सत्य हाती धरले असते, तर या सैनिकांची सुटका कशी झाली हे कळलेच नसते.

आपल्या वस्त्यांत मद्यपानाने किती घरे मोडली, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. पंचशीलातील पाचव्या शीलाचे महत्त्व तेथे शब्दांवाचून कळते. तेथील तरुणाला ‘तुझे डोपामाइन बिघडले आहे, ध्यानाला बस’ एवढेच सांगणे अपुरे आहे. शील त्याने पाळावेच. परंतु रोजगार नाही, शिक्षण अर्धवट सुटले आहे आणि दारूचे दुकान कोपऱ्यावर आहे, ही परिस्थितीही पटिच्चसमुप्पादाचाच भाग आहे. ती न पाहता केवळ मेंदूकडे बोट दाखविणे म्हणजे दुक्खाचा सारा भार दुक्खिताच्याच माथी टाकणे होय. पूर्वजन्मीच्या कर्माचे नाव घेऊन हेच केले जात होते. मेंदूतील रसायनाचे नाव घेऊन ते पुन्हा होऊ नये.

धम्माने तण्हेचा विचार केवळ एका मनापुरता केला नाही. दीघनिकायातील महानिदान सुत्तात तण्हेपासून निघणारी एक वेगळी शृंखला येते. तण्हेतून शोध, शोधातून लाभ, पुढे आसक्ती, परिग्रह, मात्सर्य, संरक्षण, आणि शेवटी दंड व शस्त्र हाती घेणे, कलह आणि असत्य. ही शृंखला सरळ समाजात उतरते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तृष्णेचा त्याग म्हणजे धम्म हे सांगताना बाबासाहेबांनी नेमकी हीच शृंखला पुढे ठेवली. बुद्धाने दारिद्र्याचा गौरव केला नाही, न्याय्य मार्गाने मिळविलेले धन त्याला निषिद्ध नव्हते, हेही त्यांनी तेथे स्पष्ट केले. निब्बानाचा अर्थ त्यांनी विकारांचा समूळ नाश असा न घेता, धम्ममार्गावर चालता येईल इतका विकारांवर ताबा, असा घेतला. शुल्ट्झ आणि बेरिज यांचे संशोधन त्यांच्या महापरिनिब्बानानंतर कित्येक दशकांनी झाले. त्याचा आधार या अर्थाला नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. तरीही आजच्या ज्ञानाशी ताडून पाहता हा अर्थ अधिक समंजस ठरतो, कारण ज्या शक्तीने मनुष्य लोभाकडे धावतो तीच शक्ती त्याला मार्गावरही चालविते. ती विझवावयाची नसून वळवावयाची आहे.

समारोप

राइट यांच्या ग्रंथाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परलोकाचा आधार न घेता धम्माचा विचार करता येतो हे त्यांनी मोठ्या वाचकवर्गाला पटवून दिले. अपेक्षेच्या मृगजळाकडे त्यांनी वेधलेले लक्ष योग्यच आहे. मात्र अपेक्षाभंगाच्या संकेताला त्यांनी सुखाचे माप मानले, शिकण्याच्या यंत्रणेला तण्हेचे स्थान दिले, आणि दुक्खाला कवटीच्या आत बंदिस्त केले. यांतील पहिली चूक शास्त्राची, दुसरी पालि विचाराची आणि तिसरी समाजाची आहे. तिसरी आपल्याला सर्वांत महाग पडेल.

धर्म बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी, सुसंगत असला पाहिजे, असे बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सभेच्या मासिकातील लेखात प्रतिपादिले. सुसंगत असणे म्हणजे विज्ञानाच्या प्रत्येक नव्या शब्दाला पालि प्रतिशब्द शोधणे नव्हे. शास्त्राने आपले काम त्याच्या पद्धतीने करावे, धम्माच्या अभ्यासकाने ते मुळातून वाचावे आणि दोन्हींच्या मर्यादा ओळखाव्यात. यापुढे एखाद्या व्यासपीठावरून डोपामाइन म्हणजे तण्हा असे सांगितले गेले, तर श्रोत्यांनी आदरपूर्वक दोन प्रश्न विचारावेत. ज्याचे डोपामाइन संपले तो मुक्त झाला काय? आणि दिव्यानंतर रस कोण सोडतो? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यातच धम्मविचय आहे, आणि धम्मविचय हे बोधीच्या सात अंगांपैकी एक आहे.